शुद्ध बोलणाऱ्या बाईंची मुलगी

चंदा गावंडेच्या मते अमरावतीत दोनच प्रकारची माणसं राहत होती. ज्यांचं मराठी वाईट आहे ती, आणि ज्यांचं मराठी ऐकवत नाही ती. साईनगरातल्या घराच्या खालच्या खोलीत ती ‘सुवाणी वर्ग’ चालवायची. तीन ते आठ वर्षांची मुलं संध्याकाळी यायची आणि तासभर ‘मले’चं ‘मला’ करत बसायची. त्यांचे आईबाप स्कूटरवरून उतरता उतरता म्हणायचे, "मॅडम, याले जरा शुद्ध बोलाले शिकवा ना." चंदा ओठ मुडपून हसायची. घरी जाऊन हेच लोक पोराला "काहून रडून राह्यला बे?" विचारणार आणि तिची सहा महिन्यांची मेहनत वरणात बुडवणार, हे तिला ठाऊक असायचं.

ती स्वतः दर्यापूरजवळच्या खेड्यातलीच. पण डी.एड.साठी दोन वर्षं पुण्याला राहिली होती. वसतिगृहात पहिल्याच दिवशी तिने "पानी कुठी हाय?" असं विचारलं आणि आठ मुली पोट धरून हसल्या. त्या वर्षात तिने वऱ्हाडी जिभेवरून खरवडून काढली. परत आली ती ‘पुण्याची बाई’ होऊन. नवऱ्याला, म्हणजे नितेशला, तिने लग्नानंतर सात वर्षं दुरुस्त केलं आणि मग नाद सोडला. तो एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. काचेच्या नळ्या धुता धुता तोंडातल्या तोंडात वऱ्हाडीच बोलायचा.

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मूल झालं नाही. दत्तकाचा अर्ज केला, तीन वर्षं वाट पाहिली आणि शेवटी अकोल्याच्या एका संस्थेतून बोलावणं आलं. मुलगी चार वर्षांची, नाव मीनू.

संस्थेच्या ऑफिसात मैनाबाई नावाच्या आयाने मुलीला हाताला धरून आणलं. "चला, बाईले नमस्ते करा. बसा," ती म्हणाली. मुलगी दोन मिनिटांत चंदाच्या मांडीवर येऊन बसली, वर पाहिलं आणि म्हणाली, "आई."

नितेशच्या डोळ्यांत पाणीच आलं. चंदाने तिला छातीशी धरलं. फाटकापर्यंत तिने तिला खाली उतरवलं नाही. फाटकाबाहेर पेरू विकणारी बाई बसली होती. मुलगी तिच्याकडे तितक्याच आनंदाने गेली, तिच्या लुगड्याला हात लावला आणि त्याच सुरात म्हणाली, "आई."

"लेकरू हाय," नितेश म्हणाला.

मूर्तिजापूर येईपर्यंत चंदा खिडकीबाहेर पाहत राहिली.

मीनू हे नाव तिने पहिल्याच आठवड्यात रद्द केलं. असली नावं मांजरांना ठेवतात, असं तिचं मत होतं. मुलीचं नाव तिने ऋजुता ठेवलं. ते घरात एकाही माणसाला उच्चारता येईना. नितेश ‘रुजुता’ म्हणायचा. दर्यापूरहून सासू सुभद्राबाई आल्या, त्यांनी एक दिवस ‘रुजता, रुजता’ केलं आणि मग सरळ ‘बाई’वर आल्या. मुलगी स्वतः तर त्या नावाला हूं की चूं करत नव्हती. हाक मारली की मागे वळून पाहायची, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

आणि तिचं बोलणं! चंदाला वाटलं होतं, निदान कोरी पाटी मिळेल. मिळालं ते भलतंच. मुलगी म्हणायची, "आमाले पानी." म्हणायची, "आमी झोपतो." एकटीच अंथरुणावर उभी राहून भिंतीला सांगायची, "चूप बसा सगळे. लाइट बंद होते."

"आमाले? आमी कोण?" चंदा विचारायची. "एकटी तर आहेस. ‘मला पाणी हवं आहे.’ म्हण."

"म्हन," मुलगी म्हणायची.

"‘म्हण’ नाही म्हणायचं. ‘मला पाणी हवं आहे’ म्हण."

"म्हन."

वर्गातली तीन वर्षांची पोरं तिच्याकडे ‘इंद्रधनुष्य’ म्हणतात आणि घरातल्या पोरीला ‘मला’ म्हणता येत नाही, हे चंदाच्या फार जिव्हारी लागलं. तिने एकशे वीस चित्रकार्डं तयार केली. कपाटावर ‘कपाट’ चिकटवलं, उशीवर ‘उशी’ टाचली, देवघरातल्या गणपतीच्या पाटालासुद्धा ‘पाट’ लावला. बरोबर उत्तराला लाल चांदणी. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास. वाक्य पूर्ण आणि शुद्ध आल्याशिवाय वस्तू मिळणार नाही, हा वर्गातला नियम घरालाही लागू झाला.

तिसऱ्या आठवड्यात मुलीने पाणी मागणं बंद केलं. नितेशला ती न्हाणीघरात सापडली. बादलीतल्या मगाने पाणी पीत होती.

"चंदे, हे काय चाल्लं?" तो म्हणाला.

"हट्टी आहे."

"तहानली हाय ते."

"मग तोंड आहे ना तिला?"

महिनाभरात ते तोंडही मिटलं. ‘आमाले’ गेलं, ‘चूप बसा’ गेलं. मुलगी बोटाने दाखवायची, तेही फक्त नितेशला. जेवणाच्या वेळी ताट घेऊन दाराजवळ उभी राहायची आणि कोणी ‘बसा’ म्हणेपर्यंत बसायची नाही.

दत्तकानंतरची चौकशी करायला संस्थेकडून माहेनूर नावाची मुलगी आली. वय असेल पंचवीस-सव्वीस. डोक्याला स्कार्फ, पाठीला सॅक, स्कूटीवरून आलेली. तिने भिंतीवरची कार्डं पाहिली, दाराजवळची मुलगी पाहिली आणि खुर्ची सोडून खाली फरशीवर बसली. चंदाला हे नाटक वाटलं.

"ताई, बुरा नका मानू," माहेनूर म्हणाली, "पन ह्या चिठ्ठ्या काढून टाका. महिनाभर तिले एक बी सवाल विचारू नका. ‘हे काय, ते काय’ काहीच नको."

"मग ती शिकणार कशी?"

"तुमी आपलं काम करत जा, तिले बाजूले ठेवा आन् बोलत राहा. आंघोळ, जेवन, येनी-फनी, सगळं तुमीच करा, दुसऱ्या कोनी नाही. तथी अठरा लेकरं हायेत ताई, आन् एका पाळीले दोन बाया. उठा, बसा, लाइन लावा. ‘मी’ म्हनाची बारीच येत नाही कोनावर. आन् आई म्हंजे काय तिच्यासाठी? डूटीवरची बाई. आज मैनाबाई, उद्या दुसरी."

चंदाने तिच्यासाठी चहा केला, पण बिस्किटं काढली नाहीत. ‘पन’ आणि ‘आन्’ म्हणणारी ही पोरगी, चौकशीच्या फॉर्मवर ‘दत्तक’ शब्दातला ‘त्त’ धड काढता येत नाही, आणि ही आपल्याला भाषा शिकवणार! ती गेल्यावर चंदाने एक कार्ड सुटलं होतं ते पुन्हा चिकटवलं.

वर्गाचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. चंदाच्या मुलीला पाहायला सगळे पालक टपले होते, हे तिला माहीत होतं. आठवडाभर तिने एकच वाक्य घोटून घेतलं. ‘माझे नाव ऋजुता नितेश गावंडे.’ घरी मुलगी ओठ हलवायची, आवाज यायचा नाही. चंदाने स्वतःची समजूत घातली की माइकमध्ये ऐकू येईल.

रविवारी सकाळी कॉलनीच्या सभागृहात जरीच्या फ्रॉकमध्ये मुलगी माइकसमोर उभी राहिली. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. मग तिने समोर खुर्च्यांत ओळीने बसलेली पन्नास मुलं पाहिली आणि ती खणखणीत आवाजात ओरडली, "ताटं घ्या! लाइन लावा! बोलाचं नाही!"

सभागृह हसून लोळायचं बाकी राहिलं. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईचं बोलणं पडद्यामागे स्पष्ट ऐकू आलं. "मॅडमचीच पोट्टी अशी बोलते, मंग आपल्याईचं काय?"

चंदाने मुलीला ओढत पडद्यामागे आणलं आणि हातावर सणसणीत फटका मारला.

मुलगी रडली नाही. तिने फटका बसलेला हात खाली केला, दुसरा हात तळवा वर करून पुढे धरला आणि वाट पाहत उभी राहिली.

चंदा त्या तळव्याकडे पाहत राहिली. फ्रॉकची जर टोचून मनगट लाल झालं होतं. दुसरा फटका येईना, तसं मुलीने वर पाहिलं. काही चुकलं का, असं. मग आपणहून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पुढचा कार्यक्रम चंदाने स्वतः जाहीर केला. "आता सादर होत आहे बालगीत," ती म्हणाली. एकही उच्चार ढळला नाही, आवाज जराही कापला नाही. आजवर तिने पुष्कळ लोकांचा तिरस्कार केला होता. पण त्या न कापलेल्या आवाजाचा तिला जेवढा वाटला तेवढा कोणाचा वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने सगळी कार्डं काढली. गोंदाचे डाग राहिले ते राहिले. वर्गाला पंधरा दिवस सुट्टी दिली. आपण माहेनूरचं ऐकतोय हे स्वतःशीसुद्धा कबूल न करता तिने माहेनूरने सांगितलं ते सगळं केलं. नितेशला आंघोळ घालू दिली नाही, भेटायला आलेल्या सासूला वेणी घालू दिली नाही. स्वयंपाक करताना मुलीला ओट्याशेजारी पाटावर बसवलं आणि बोलायला सुरुवात केली.

"आता मी कणीक मळत आहे," ती म्हणाली. "हे तेल आहे. तेल मी कणकेवर घालत आहे."

आपलं बोलणं आपल्याच कानावर पडलं आणि तिला लाज वाटली. रेडिओवरचा शेतकी कार्यक्रम बरा. वीस वर्षं ती शुद्ध बोलत होती, पण परीक्षकाशी, पालकांशी, वर्गाशी. कणकेच्या गोळ्याशी, मांडीवरच्या पोराशी कसं बोलायचं ते त्या मराठीत ती कधी शिकलीच नव्हती. दहा मिनिटांत तिचं बोलणं संपलं. मुलगी पाटावर बसून कणकेच्या गोळीला बोटाने भोकं पाडत राहिली. असे तीन आठवडे गेले. मुलगी ओट्याजवळ आपणहून येऊन बसायला लागली, एवढंच झालं.

नवरात्रातल्या अष्टमीला दर्यापूरला जावंच लागायचं. सासूच्या घरी त्या दिवशी नऊ कुमारिका जेवायला बसायच्या. चंदाला त्या घरातलं काही आवडत नव्हतं. आरडून बोलणारे दीर-जावा नकोत, भाजीतला रस्सा भुरकणारे पाहुणे नकोत, आणि सासूची चुलत बहीण माणिकबाई तर त्याहून नको. माणिकबाईंना गावातल्या प्रत्येक घराची बातमी त्या घराच्या आधी कळायची.

अंगणात पाट मांडले होते. सुभद्राबाईंनी नातीला हाताला धरून सातव्या पाटावर बसवलं, पायावर पाणी घातलं आणि कुंकू आणायला आत गेल्या. तेवढ्यात माणिकबाई पुढे आल्या. त्यांनी मुलीला दंडाला धरून उठवलं.

"हिले नोका बसवू," त्या म्हणाल्या. "कोनाची हाय, कोन्या जातीची हाय, कोनाले मालूम? देवीचं काम हाय. शेजारच्या खुशालरावच्या पोट्टीले बसवा इथी."

मुलगी लगेच उठली. उठवलं की उठायचं, एवढं तिला नीट शिकवलेलं होतं. ती भिंतीकडे निघाली.

चंदा वाढायला उभी होती. हातातली पुऱ्यांची परात तिने धाडकन खाली ठेवली.

"ओ मावशी! हात नोका लावू तिले!"

अंगण गप्प झालं. ‘पुण्याची बाई’ ओरडली म्हणून नाही, ज्या बोलीत ओरडली म्हणून.

"कोनाची हाय इचारता? माह्यी पोरगी हाय! माह्यी! कान फुटले काय तुमचे? जात इचाराले आल्या मोठ्या! आपलं थोबाड पाहून येजा आधी आरशात, मंग देवीचं सांगजा! दुसऱ्याच्या घरी येऊन लेकराले पाटावरून उठवता, लाज हाय का नाही? डोस्कं फिरलं काय? बैताड झाल्या काय तुमी?"

बोलणं थांबेना. वीस वर्षं खरवडून काढलेलं सगळं तळातून वर येत होतं. तिच्या मायची, आजीची, पाणंदीवर भांडणाऱ्या बायांची वाक्यं जशीच्या तशी तोंडात येत होती आणि एकही अडखळत नव्हतं. नितेश दारात तोंड उघडं टाकून उभा होता. सुभद्राबाई कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या होत्या आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.

"मी तं आपलं रीतीचं बोलली बाप्पा," माणिकबाई पुटपुटल्या.

"तुमची रीत तुमच्या घरी ठेवा!"

चंदाने मुलीला भिंतीजवळून उचललं. मुलगी रडत नव्हती, घाबरलीही नव्हती. ती चंदाच्या तोंडाकडे पाहत होती. इतके महिने ज्या तोंडातून तिच्यासाठी नुसती वाक्यं निघत होती, त्या तोंडातून आज पहिल्यांदा कोणीतरी बोलत होतं. सातव्या पाटावर बसवल्यावर तिने चंदाचा पदर सोडला नाही. चंदा शेवटपर्यंत तिच्यामागे उकिडवी बसून राहिली आणि पुऱ्या दुसऱ्यांनी वाढल्या.

परतताना जीपमध्ये दाटी होती. मुलगी चंदाच्या मांडीवर होती. जीप गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंना कपाशी लागली, आणि मुलीचे ओठ हलायला लागले. आधी हळू, मग जरा मोठ्याने.

"थोबाड पाहून येजा," ती म्हणाली. "थोबाड. पाहून येजा. बैताड झाल्या काय."

चढउतार अगदी बरोबर. ‘बैताड’वरचा जोरसुद्धा.

शेजारचा म्हातारा शेतकरी हसला. "कोनाची हो तू, बाई?"

मुलीने त्याच्याकडे रोखून पाहिलं, चंदाच्या छातीवर हात आपटला आणि ऐकलं होतं तसंच्या तसं सांगितलं, "माह्यी पोरगी हाय!"

सगळी जीप हसली. पोरगी कोण नि आई कोण हे उलटं झालं होतं. ते दुरुस्त करणं हा चंदाचा धंदा होता. तिने दुरुस्त केलं नाही.

त्या दिवसानंतर घरातलं बोलणं बदललं. म्हणजे चंदा वर्गात शुद्ध बोलायची आणि जिना चढून वर आली की जीभ सैल सोडायची. "इकडं ये वं. पाह्य, हे वांगं कसं किडलं. फेकून दे. तुह्या बापाले काही समजत नाही, किडकेच आनते." आता कणकेशी बोलायला शब्द पुरत नव्हते. मुलगी ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायची. दिवाळीपर्यंत ‘आमी’चं ‘मी’ झालं. संक्रांतीपर्यंत ती भांडायला लागली. नाव मात्र चंदाने दिलेलं टिकलं नाही. एके सकाळी तिने ‘मीनू’ अशी हाक मारली आणि मुलगी धावत आली, तेव्हा ऋजुता कागदांपुरती उरली.

याचे परिणाम वर्गावर व्हायचे ते झाले. एका पालकबाईंनी जिन्यात मीनूचा गाल ओढत "बोलाले लागली का तू?" असं विचारलं, तेव्हा मीनूने त्यांना आरशात पाहून यायला सांगितलं. त्यांची दोन मुलं दुसऱ्या दिवशीपासून येईनाशी झाली. मग आणखी तीन गेली. चंदाने जाऊ दिली. पोराच्या तोंडून स्वतःची भाषा निघाली की ज्यांना लाज वाटते, अशा लोकांबद्दल आता तिला नवीनच तिटकारा वाटू लागला होता. आपण त्यांच्यातल्याच, हे ती विसरत नव्हती. म्हणून तो जास्तच कडू लागायचा.

माहेनूर पुढच्या खेपेला आली, तेव्हा मीनू आत पळाली आणि चंदाच्या पाठीमागे लपली. चंदा ओशाळली. "पाहुण्यांसमोर अशीच करते आताशा," ती म्हणाली.

"अहो ताई, हेच तं पाहिजे होतं!" माहेनूर म्हणाली. "पयले कोनाच्याबी मांडीवर जाऊन बसे. आता तिले घरचं कोन, बाहेरचं कोन ते समजून राहिलं."

तिने फॉर्मवर काहीतरी खरडलं. अक्षर भयंकर होतं. चंदाने बिस्किटं काढली.

फाल्गुनात एका दुपारी दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. मीनू पानं कमी आणि काड्या जास्त टाकत होती. मधेच ती म्हणाली, "सोनी मेथी नाही खात."

"कोन सोनी?"

"माह्या बाजूले झोपते. तिचा पाय असा हाय." मीनूने पाऊल आत वळवून दाखवलं. "ते रडते. मंग मी तिले हात देतो, मंग ते झोपते."

चंदाच्या हातातली काडी तशीच राहिली. इतके दिवस तिने मुलीला घरातले, बाजारातले, भांडणातले शब्द दिले होते. त्या शब्दांनी ही पोर मागे जाऊन कोणाला आणेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आता तिले कोन हात देते?" मीनूने विचारलं.

चंदाने माहेनूरला फोन केला. अशी माहिती देता येत नाही, असं माहेनूर म्हणाली. मग एवढंच म्हणाली, की सोनी अजून तिथेच आहे. पायामुळे तिला कोणी पसंत करत नाही. पसंत करत नाही! चंदाला क्षणभर सगळ्या दुनियेच्या थोबाडाला आरसा दाखवावासा वाटला. मग आठवलं की अर्ज भरताना, अपंग मूल चालेल का या रकान्यात तिने स्वतःच्या सुंदर अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं.

फोन ठेवून ती परत आली. मीनू वाट पाहत होती.

"मैनाबाई देते हात," चंदा म्हणाली.

"मैनाबाई नाही देत," मीनू ठामपणे म्हणाली. "मैनाबाई चूप बसा म्हनते. तू खोटी बोलून राहिली."

"हो," चंदा म्हणाली. "खोटी बोलली मी. मले मालूम नाही वं, कोन देते."

मीनूने यावर थोडा विचार केला. मग मेथीची जुडी पुढे ओढली आणि सोनीबद्दल सांगायला लागली. ती काय खाते, कशी चालते, कोणाला चावली. चंदा ऐकत राहिली. तिने एकही शब्द दुरुस्त केला नाही, आणि खाली वर्गाची पोरं येऊन दार वाजवायला लागली तरी ती उठली नाही.